एमेटचा शब्द

१ जानेवारी

एमेट गेला. आमच्या बेटाचा मुख्यमंत्री एमेट कॉफलिन आज सकाळी राजभवनाच्या मोठ्या दालनात, नववर्षाच्या भेटीगाठी चालू असताना, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कोसळला आणि गेला. लिहिलं तरी खरं वाटत नाही. 

झालं तसं लिहून ठेवतो. दर वर्षीसारखी माणसं बर्फ तुडवत आली होती. राज्यपालबाईंशी हात मिळवायचा, केक खायचा, पेला रिकामा करायचा आणि पुढच्या घरच्या नववर्षभेटीला जायचं. राज्यपालबाई म्हणजे माझी बायको व्हर्ना. हे लिहिताना मला अजूनही हसू येतं. जन्मभर पश्चिम टोकाच्या रुग्णालयात परिचारिका होती ती, आता राजाची प्रतिनिधी आहे. मी शर्यतीचे घोडे तयार करणारा माणूस. माझं काम कोट घालून तिच्या बाजूला उभं राहायचं आणि कुणाचं नाव ती विसरली तर हळूच सांगायचं.

एमेट नेहमी मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून यायचा. आजही आला. स्टुलावर बसून बर्फाचे बूट ओढून काढता काढता त्याने आपल्या घोडीची चौकशी केली. ती माझ्या पुतण्याच्या तबेल्यात असते, देखभाल मी करतो.

"नीट खाते ना?"

"तुझ्यापेक्षा नीट खाते," मी म्हटलं.

हसला. चेहरा मात्र पिठासारखा पांढरा होता. म्हणाला, मंत्रिमंडळाच्या बैठकांनी छातीत जळजळ होते, बायको रोझलीन आता ऐकत नाही, पुढच्या आठवड्यात फ्लोरिडाला नेणारच म्हणते. मग एका बुटातला बर्फ फरशीवर झटकला. म्हणाला, "लिअँडर, मी नसलो तर लगाम हेडलीच्या हातात जाऊ देऊ नकोस. हात जड आहे त्याचा."

मी म्हटलं, "बरं." तेवढ्यात बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारली.

त्यानंतर काही वेळातच तो पडला. व्हर्ना होती तशी गुडघ्यांवर बसली आणि त्याची छाती दाबायला लागली. तिच्या कोटावरची पदकं सुटून फरशीवर घरंगळली. ती मोठ्याने आकडे मोजत होती, आमच्या मुलांना पोहायला शिकवताना मोजायची त्याच आवाजात. जोसेट पॉइरिएने एमेटचं डोकं मांडीवर धरलं होतं. जोसेट मासेमारी खात्याची मंत्री, आमच्या गावची पोरगी. आणि अर्थमंत्री हेडली पेंडर काय करत होता? खिडकीपाशी फोन कानाला लावून उभा! त्यानंतर दारात जाऊन लोकांना बाहेर हाकलत होता. रुग्णवाहिका लवकर आली हे नशीब, पण उपयोग झाला नाही.

पोर्चमध्ये एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "मग आज हात मिळवायचा नाही का?" मी त्याच्याशी हात मिळवला. दुसरं काय करणार?

२ जानेवारी

व्हर्नाची दोन्ही मनगटं सुजली आहेत. चहाचा कप तिला दोन हातांनी उचलावा लागला.

न्याहारीच्या टेबलावरच मिस ड्रिस्कॉल आल्या. त्या राजभवनाच्या सचिव, तीन राज्यपाल पाहिलेल्या. म्हणाल्या, "मॅडम, मुख्यमंत्री गेले की त्यांच्याबरोबर सरकारही जातं. नवा मुख्यमंत्री तुम्हीच नेमायचा."

"कुणाच्या सल्ल्याने?"

"सल्ला मुख्यमंत्री देतात. आणि तेच नाहीत."

व्हर्नाने कप खाली ठेवला. "म्हणजे आज मी कुणालाही नेमू शकते?"

"कागदावर, हो."

"या लिअँडरला?"

मिस ड्रिस्कॉलनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सभागृहात बहुमत टिकवता येणार असेल तर."

मला हसू आलं. दोन वर्षं व्हर्नाला पडद्यांचा रंगसुद्धा विचारून बदलावा लागला आहे. जे समोर येईल त्यावर सही, जे लिहून येईल ते भाषण. आणि आज अचानक कळतं की सगळ्या बेटाची सूत्रं तिच्या सुजलेल्या हातात होती, फक्त कधी कुणाला त्याची आठवण झाली नव्हती.

पक्षाच्या आमदारांत दोन तट आहेत हे पोरासोरांनाही माहीत आहे. एक हेडलीचा, एक जोसेटचा. हेडली आला तर पश्चिम टोकाचं रुग्णालय बंद करणार, हे तो दोन वर्षं सांगतोय. जोसेट ते होऊ देणार नाही. मी स्वतः कुठल्याच बाजूचा नाही. जोसेट लहानपणी माझ्या शर्यतीच्या घोडागाडीवर माझ्या मांडीत बसून टाळ्या पिटायची, आणि हेडलीने एकदा चारचौघांत माझ्या घोड्याला "चालता बटाटा" म्हटलं होतं, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

दुपारी हेडली येऊन गेला. बायकोने केलेला, आत मांस भरून भाजलेला मीट पाय घेऊन. डोळे सुजले होते, सर्दी असावी. जाताना दारात विचारतो, "लिअँडर, शेवटी काही बोलला का रे तो? माझ्याबद्दल काही?"

बघा, कसा चाचपतोय! मी म्हटलं, "घोडीबद्दल बोलला." खोटं नव्हतं ते.

तो गेल्यावर मी व्हर्नाकडे गेलो. म्हटलं, "एमेट स्वयंपाकघरात मला एक गोष्ट म्हणाला."

तिने हात वर केला. "पुढच्या मुख्यमंत्र्याबद्दल आहे?"

"हो."

"मग मला सांगू नकोस."

"अगं, पण त्याचा शेवटचा शब्द—"

"लिअँडर, आता जो येईल तो मेलेल्याचा शब्द खिशात घालून येईल. मी एकाचा ऐकला तर सगळ्यांचा ऐकावा लागेल. मला एकच गोष्ट बघायची आहे, सभागृहात कुणाच्या मागे जास्त माणसं उभी राहतात. ते आमदारांनी सांगायचं. तू नाही, मी नाही, एमेटही नाही."

मित्राने तिच्या हातांखाली प्राण सोडला, आणि त्याची शेवटची इच्छा ऐकायलासुद्धा तयार नाही. या बाईला मी ओळखतो असं इतकी वर्षं समजत होतो.

३ जानेवारी

एमेटला दर्शनासाठी ठेवलंय. सगळं बेट लोटलं होतं. रोझलीन खुर्चीत ताठ बसली होती, प्रत्येकाला "जेवून जा" म्हणत होती, जणू त्याचा वाढदिवस होता.

बाहेर गाड्यांपाशी जोसेट एकटी भेटली. रडून रडून नाक लाल. म्हणाली, "काका, उद्या आमदारांची बैठक आहे. मी उभी राहू की नको, कळत नाही. हेडलीला अनुभव जास्त आहे. एमेट असता तर त्यालाच विचारलं असतं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. राहवलंच नाही. एमेट काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांगितलं. लगाम, हेडली, जड हात, सगळं.

पोरगी गाडीला टेकली. "तुम्ही शपथेवर सांगाल हे?"

"बायबलवर हात ठेवून."

व्हर्नाला ऐकायचं नव्हतं, ठीक आहे. जोसेटला ऐकण्याचा हक्क होता. घरी येताना कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

४ जानेवारी

रेडिओवर आलं! सकाळच्या बातम्यांत! "दिवंगत मुख्यमंत्र्यांना पेंडर नको होते, राजभवनातील विश्वसनीय सूत्रांची माहिती."

विश्वसनीय सूत्र म्हणजे मी.

व्हर्ना अंडी उकडत होती. तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. जोसेटचा फोन आला. तिने फक्त दोन सहकाऱ्यांना सांगितलं होतं, त्यांतलं कुणीतरी बोललं. गोंधळामुळे बैठक दोन दिवस पुढे ढकलली आहे.

व्हर्ना म्हणाली, "बॅग भर."

"कुठे जायचंय?"

"तुला. पुतण्याकडे जा. शपथविधी होईपर्यंत इथे राहू नकोस, फोन करू नकोस."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "व्हर्ना, मी तुझा नवरा आहे."

"म्हणूनच. हे घर माझं नाही, राजाचं आहे. या घरात राहून तू बोललास की मी बोलले असं होतं. कळतंय का? आज बेटावर अर्ध्या लोकांना वाटतंय की मी तुझ्या तोंडून जोसेटला पुढे करतेय."

"मी खरं तेच बोललो."

"ते मी विचारलेलं नाही."

तिने स्वतः माझे लोकरी मोजे आणून बॅगेत टाकले. रक्तदाबाच्या गोळ्याही. बाहेर बर्फ पडत होता. ड्रायव्हर येईपर्यंत आम्ही दोघं पायऱ्यांवर अनोळखी माणसांसारखे उभे होतो. लग्न झाल्यापासून या बाईने मला घराबाहेर काढलेलं नाही. मी दारू पिऊन आलो तेव्हासुद्धा नाही.

५ जानेवारी

एमेटला पुरलं. चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर, मी मागे खांबाआड.

६ जानेवारी

जोसेट जिंकली! एका मताने. पुतण्याने तबेल्यात येऊन सांगितलं. म्हणाला, "काका, गावात सगळे म्हणतायत, कुंपणावर बसलेले दोघं एमेटच्या शब्दामुळे इकडे आले."

परवा शपथविधी. रुग्णालय वाचलं. घोडीला खरारा करताना मी चक्क गात होतो. व्हर्नाचा राग उतरेल. आपण बरोबर होतो हे माणसाला कधी ना कधी मान्य करावंच लागतं.

७ जानेवारी

काय लिहू? कुठून सुरू करू?

सकाळी रोझलीन आली. काळा कोट, पायात एमेटचेच बूट. घोडी बघायला आली होती. तिच्या मानेवर गाल टेकून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "लिअँडर, रेडिओवर जे सांगतात ते तू सांगितलंस?"

मी म्हटलं, हो. अभिमानाने म्हटलं, देवा.

"नेमकं काय म्हणाला तो?"

मी सांगितलं.

रोझलीनने माझ्याकडे असं पाहिलं, की आपल्या अंगावर काही सांडलंय का म्हणून मी खाली बघितलं.

"अरे माणसा," ती म्हणाली, "ते या घोडीबद्दल होतं."

"काय?"

"फेब्रुवारीत खाडीच्या बर्फावर मंत्र्यांची घोडागाड्यांची शर्यत नसते का, अनाथाश्रमाच्या मदतीसाठी? आम्ही फ्लोरिडाला जाणार म्हटल्यावर हेडली मागे लागला होता, या वर्षी तुझी घोडी मी हाकतो म्हणून. एमेट नाताळभर चिडचिड करत होता. ओढून ओढून तोंड फाडेल तिचं, म्हणायचा, त्याचा हात जड आहे. म्हणाला, लिअँडरला सांगून ठेवतो."

मी गवताच्या भाऱ्यावर बसलो. लगाम. हा लगाम! समोर खुंटीला टांगलेला, चामड्याचा. जन्म गेला माझा लगाम हातात धरून, आणि तो शब्द ऐकून मला खरा लगाम तेवढा आठवला नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? मी नवरा पुरून आलेय," ती म्हणाली आणि निघून गेली.

राजभवनावर फोन केला. मिस ड्रिस्कॉल म्हणाल्या, "मॅडम शपथविधीपर्यंत तुमचा फोन घेणार नाहीत, मिस्टर गॉडे. माफ करा."

खरं लिहितो. तासभर वाटत होतं, गप्प बसावं. रोझलीन कुणाला सांगणार नाही. जोसेट चांगली मुख्यमंत्री होईल, रुग्णालय राहील, कुणाचं काय बिघडतं? हेडलीचं बिघडेल. बिघडू दे. मग तो दारात उभा राहून विचारत होता ते आठवलं, माझ्याबद्दल काही बोलला का. ती सर्दी नव्हती. आणि त्या दिवशी खिडकीपाशी तो फोन कुणाला करत होता, तेही आत्ता लख्ख कळलं. रुग्णवाहिका काय आपोआप आली?

गाडी काढून जोसेटकडे गेलो. ती शपथविधीसाठी ब्लाउजला इस्त्री करत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाली, "काका, हे मला कशाला सांगितलंत?"

"तुला कळायला हवं म्हणून."

"पहिलं सांगितलंत तेही मला कळायला हवं म्हणूनच!" पहिल्यांदाच ती माझ्यावर ओरडली. "पहिलं खोटं निघालं. आणि आता हे मला माहीत नाही असं मी कसं वागू? सांगा ना!"

तिने पक्षाच्या अध्यक्षांना फोन लावला तेव्हा मी तिथेच उभा होतो, टोपी हातात घेऊन. ती म्हणाली, "उद्याचा शपथविधी थांबवा. मला पुन्हा मतदान हवंय." ब्लाउज इस्त्रीच्या फळीवर तसाच पडला होता, एक बाही चुरगळलेली.

८ जानेवारी

रेडिओवर जाऊन माझ्या तोंडाने सांगून आलो. मुलाखत घेणारी पोरगी हसू दाबत होती. तिचं काही चुकलं नाही.

दुपारी पुन्हा मतदान. हेडली तीन मतांनी आला.

९ जानेवारी

शपथविधी पुतण्याच्या घरी टीव्हीवर पाहिला. व्हर्ना ताठ उभी होती, हेडली शपथ वाचताना अडखळला तेव्हा तिने हळूच कागदावर बोट ठेवून ओळ दाखवली. तिचा चेहरा बघून काही कळत नव्हतं. मागे दुसऱ्या रांगेत जोसेट टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात तोंडात गवताची काडी धरून पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे तुम्ही एकाच आठवड्यात दोन मुख्यमंत्री केलेत." मी त्याच्यावर घमेलं फेकलं.

१२ जानेवारी

काल परत आलो. न विचारता. बॅग तिनेच उचलली आणि "गोळ्या घेतल्यास का?" एवढंच विचारलं.

आज न्याहारीला बोललो आम्ही. मी माफी मागितली. ती म्हणाली, "हं." टोस्टला लोणी लावत राहिली. मग म्हणाली, "मार्चच्या अधिवेशनात पश्चिमेचं रुग्णालय बंद करायचं विधेयक येतंय. हेडलीने मंत्रिमंडळाच्या पहिल्याच बैठकीत मंजूर करून घेतलं."

ज्या रुग्णालयात तिचं उभं आयुष्य गेलं, आमची दोन्ही मुलं जिथे जन्मली, ते.

"तू सही करणार?"

"सभागृहाने मंजूर केलं तर करणार."

"नकार देता येत नाही?"

"कागदावर येतो."

मी म्हटलं, "मी तोंड उघडलं नसतं, तर पहिल्याच मतदानात जोसेट आली असती का?"

"माहीत नाही. आणि आता ते कुणालाच कधी कळणार नाही. तू जे केलंस ते हेच, लिअँडर."

मग तिने टेबलावरचा टोस्टचा चुरा तळहाताने गोळा करत, हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात सांगितलं, "एमेट नाताळाच्या आधी माझ्याकडे आला होता. डॉक्टरांनी त्याला हृदयाचं सगळं सांगितलं होतं. रोझलीनलाही माहीत नव्हतं. या खुर्चीत बसून म्हणाला, व्हर्ना, माझं काही बरंवाईट झालं तर जोसेटला बोलाव. हेडलीला नको."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. 

"असं म्हणाला? या शब्दांत?"

"याच शब्दांत."

"आणि तू त्याला काय म्हणालीस?"

"म्हटलं, चहा गार होतोय."

"मला नाही सांगितलंस!"

"तुला?" ती म्हणाली. पहिल्यांदाच हसली, पण थोडंसंच. "बेटभर झालं असतं."

"अगं, पण तुला तर अधिकार होता! त्या पहिल्या सकाळी, मिस ड्रिस्कॉल समोर उभ्या असताना, तू जोसेटला बोलावलं असतंस, तर कुणी अडवलं असतं तुला?"

"कुणीच नाही."

"मग?"

"कुणीच अडवणारं नव्हतं, म्हणूनच."

तिने चुरा बशीत टाकला आणि उठली. कुठल्याशा शाळेची मुलं राजभवन बघायला येणार होती, बूट बदलायला हवे होते. मी तिथेच बसून राहिलो. एमेटला जे हवं होतं, तिला जे हवं होतं, अर्ध्या बेटाला जे हवं होतं, ते सगळं आठ दिवस या बाईच्या मुठीत होतं आणि तिने मूठ उघडली नाही. मला अजून कळत नाही, मी तिला घाबरलोय की काय झालंय मला.

थोड्या वेळाने खालून मुलांचा गलका ऐकू आला. मी जिन्याच्या कठड्यापाशी गेलो. चिखलाच्या बुटांची ओली रांग दालनभर पसरली होती. सगळ्यांत पुढे असलेल्या, दात पडलेल्या एका मुलीने मान वर करून व्हर्नाला विचारलं, "तुम्ही राज्यपाल म्हणजे काय काय करता?"

व्हर्ना तिच्यासमोर वाकली. थोडा विचार केला.

"फारसं काही नाही, बाळ," ती म्हणाली.